अठरा–शून्यच्या सामन्यातला पंधरा वर्षांचा पिचर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मोठ्यांच्या बेसबॉल संघाकडून खेळताना तुझ्या चेंडूंवर खूप मार पडला आणि तेव्हापासून तू मैदानाकडे फिरकला नाहीस, असं तुझ्या आईने सांगितलं. फोनवर तू बोलत नाहीस, म्हणून लिहितोय. एका सामन्याबद्दल तुला सांगायचं आहे.

तारीख १० जून १९४४, गाव अमेरिकेतलं सिनसिनाटी. दुसरं महायुद्ध चालू होतं, फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरून चारच दिवस झाले होते. युद्ध असलं तरी बेसबॉल थांबू नये, असं अध्यक्ष रुझवेल्ट यांनी १९४२ मध्येच बेसबॉलचे कमिशनर जज लँडिस यांना पत्राने कळवलं होतं. पण खेळायला माणसं कुठे होती? फेलर, डिमॅजिओ, टेड विल्यम्स असे नावाजलेले खेळाडू सगळे सैन्यात. मेजर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या स्तराचे पाचशेहून जास्त खेळाडू त्या युद्धात गेले. मग सिनसिनाटीच्या रेड्स संघाने जवळच्या हॅमिल्टनमधला एक शाळकरी डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला. जो नक्सहॉल. वय १५ वर्षं १० महिने.

समोर सेंट लुइस कार्डिनल्स, त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकलेला संघ. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला रेड्स १३–० ने मागे होते, तेव्हा मॅनेजर बिल मॅकेक्नी यांनी या मुलाला बोलावलं. वॉर्म-अपला निघताना तो डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) पायरीवर अडखळून पडला. तरीही पहिल्या तिघांपैकी दोघांना त्याने बाद केलं. ही गोष्ट सांगताना लोक नेमकं हेच गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. मग कार्डिनल्सचा नामांकित फलंदाज स्टॅन म्युझिअलची पाळी जवळ आली आणि मुलाचा ताबा सुटला. काही आठवड्यांपूर्वी तो शाळेतल्या पोरांना चेंडू टाकत होता! एकूण पाच वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस), दोन हिट, एक वाइल्ड पिच (कॅचरला अडवता न आलेला भरकटलेला चेंडू), पाच रन. इनिंग संपवणारा तिसरा आउट त्याला मिळाला नाही. सामना १८–० ने गेला.

मॅकेक्नी यांचा तो निर्णय मला आजही पटत नाही. माणसं कमी पडली म्हणून ती जागा त्याला मिळाली. मुलगा तयार झाला होता म्हणून नव्हे. तुझ्याही बाबतीत तेच घडलं. दोन पिचर आजारी पडले, म्हणून तुला उभं केलं. त्या दिवसाच्या आकड्यांवरून तुझा हात कसा आहे हे ठरत नाही, आणि कोणी ठरवत असेल तर तू ऐकू नकोस.

नक्सहॉल खाली मायनर लीगमध्ये गेला. मधे शाळाही पूर्ण केली. रेड्सकडे परत यायला १९५२ उजाडलं. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये ऑल-स्टार संघात निवड, कारकिर्दीत १३५ विजय, आणि निवृत्तीनंतर २००४ पर्यंत रेड्सच्याच सामन्यांचं रेडिओवर समालोचन. मधली आठ वर्षं कोणी फारशी सांगत नाही. मला तीच महत्त्वाची वाटतात, कारण त्या काळात तो लहान मैदानांवर, आपल्या बरोबरीच्यांसमोर, चेंडूवर ताबा मिळवत राहिला.

तूही या सीझनला तुझ्या वयाच्या गटातच टाकायचंस. वेग नंतर बघू. तुझे वॉक जातात ते नजर कॅचरच्या ग्लोव्हवरून फलंदाजाकडे सरकते म्हणून. आधी त्यावर काम करू. वरच्या संघाच्या प्रशिक्षकांशी मी बोललो आहे, ते तुला इतक्यात बोलावणार नाहीत. मंगळवारी सकाळी साडेसहाला ये.

आईला नमस्कार सांग.

तुझे
सर