मिक्सर फेकू का?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी घेतलेला मिक्सर, खोबऱ्याचं वाटप करताना खालची चक्री तुटली, दुकानदार म्हणतो पार्ट येत नाही, नवीनच घ्या. काय करू? – एक वाचक, मालवण

उत्तर: ताई, अजिबात फेकू नका! ती चक्री म्हणजे कपलर, तो प्लास्टिकचा असतो कारण जार जाम झाला की आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी, म्हणजे तुमचा मिक्सर बहुतेक धडधाकट आहे. जुना तुकडा सोबत घेऊन रिपेअरवाल्याकडे जा, मापं वेगवेगळी असतात. एवढ्याशा पार्टसाठी अख्खं मशीन भंगारात, खरंच संताप येतो. आपल्याकडे खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, तेही बघून घ्या. कंपनी दाद देत नसेल तर बिल काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा.