जेवढं पायाने वाजतं तेवढंच

बाबू,

तुझा निरोप काल रात्री तीनदा वाचला. पाच गाणी तयार आहेत, स्टुडिओची तारीख ठरली आहे, आणि रेकॉर्डिंग करणारा म्हणतो की तुमच्या ड्रमरचा डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम, २२० बीपीएमला (मिनिटाला २२० मात्रांना) सुटतो, तेव्हा ड्रम्स कॉम्प्युटरवरच बसवू. चालेल का, असं तू विचारतोस. नाही चालणार. जेवढं त्याच्या पायाने वाजतं तेवढंच रेकॉर्डवर जाईल.

२२० ला सिक्स्टीन्थ, एका मात्रेत चार ठोके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५ ठोके. दिवसा कॉलेज करून रात्री फोंड्यातल्या पत्र्याखाली सराव करणाऱ्या पोराला ते आज जमत नसेल तर गाणं १९० वर आणा. रिफ, गिटारची ती फिरून फिरून येणारी ओळ, सुटी-सुटी ऐकू येईल, आणि थ्रॅशसारख्या वेगवान मेटलमध्ये गिटारवाल्याच्या उजव्या हाताचं काम ऐकू आलं नाही तर राहिलं काय?

स्लेयर या अमेरिकन थ्रॅश बँडचा दाखला तू बरोबर शोधलास. १९८३ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर सिंबल्स, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजा, नंतर वेगळे वाजवून जोडले, हे खरं. पण त्यांवर काठी पडली ती त्यांच्या ड्रमरच्या, लोम्बार्डोच्याच हातातली. त्या रेकॉर्डचे पैसे म्हणशील तर गायकाची हॉस्पिटलातली कमाई आणि गिटारिस्टच्या वडिलांकडून उसने घेतलेले. सेपल्चुरा या बँडने १९८५ साली ब्राझीलमध्ये पहिलं रेकॉर्ड दोन दिवसांत उरकलं. ड्रमवरचा इगोर तेव्हा चौदा-पंधराचा. ठोके घसरतात, आणि आपण चाळीस वर्षांनी ते घसरण्यासकट ऐकतो.

इतकं लांब तरी कशाला जायचं? चवथीला तुझ्या घरी आरतीला सुरुवात होते ती लय आणि शमेळ-कासाळं (ढोल आणि झांजा) तापल्यावरची लय एकच असते का? तुझे बाबा डाव्या तळव्याने घुमटाचं, त्या कातडं लावलेल्या मातीच्या वाद्याचं, मागचं तोंड उघडतात-झाकतात, तो घुमणारा आवाज दर वेळी थोडा वेगळा निघतो. त्यांना कोणी म्हणतं का, की तुमचे ठोके सरळ रेषेत नाहीत? घुमटावरचं घोरपडीचं कातडं बंद झालं, बकरीचं आलं, आवाज बदलला. हात मात्र माणसाचेच राहिले.

मी एवढा हट्टाने का बोलतो ते तुला माहीत नाही. २००६ साली आमचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. अकरा रात्री मी स्क्रीनसमोर बसून आमच्या ड्रमरचा एकेक ठोका माऊसने ओढून रेषेवर बसवून घेतला. जिथे बसेना तिथे दुसरीकडचा चांगला ठोका कापून चिकटवला. बाराव्या दिवशी त्याला ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "हे कोण वाजवतंय?" त्यानंतर तो सरावाला आला नाही. रेकॉर्ड बाहेर आलंच नाही. पैसे माझे होते, रेकॉर्ड मुंबईतल्या बँडांसमोर लाजिरवाणं वाटू नये एवढंच मला हवं होतं. त्यात माझा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्याचे पाय मी पुसून टाकले. तेवढंच त्याचं त्या रेकॉर्डवर होतं.

म्हणून पुन्हा सांगतो, पायाने वाजतं तेवढंच. क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या टकटकीवर, सराव करा, हवा तेवढा. पण रेकॉर्डिंगला ड्रमरसमोर दोन्ही गिटारवाले उभे राहून वाजवू देत, त्याला त्यांचे हात दिसले पाहिजेत. गिटार डावी-उजवी दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून दुसरीकडे ठेवलात तर मला ऐकताक्षणी कळेल. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजातली खरखर, सरावात ठेवता त्याच्या अर्ध्यावर आणा. प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत गिटारची मान हलते, हे किती वेळा सांगायचं? बेस गिटारचा आवाज दाबू नका. तू दाबणार, सगळे गिटारवाले दाबतात.

आणि त्या रेकॉर्डिंगवाल्याला हे तुझ्या ड्रमरसमोरच सांग, त्याच्या पाठीमागे नको.

शनिवारी सहाला खोलीवर येतो. दुसरं गाणं १९० ला बसवून ठेवा.

तुझा
काका