शनिवार-रविवार घरीच राहून, स्वयंपाक करत आणि सिनेमे बघत तुम्ही आराम कसा करता?

माझी सुट्टी शुक्रवारी रात्रीच सुरू होते. डोंबिवलीला उतरून घरी पोचलो की हातपाय धुतो आणि दोन वाट्या मटकी निवडून भिजत घालतो. शनिवारी सकाळी तिचं पाणी पूर्ण निथळायचं, ओल्या पंच्यात घट्ट बांधायची आणि चाळणीत ठेवून वर ताट झाकायचं. शनिवारचं स्वयंपाकघरातलं मोठं काम तेवढंच. बाकी वरणभात-तूप. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, थंडीत रविवारची सकाळ उजाडते. पाणी राहिलं तर मटकी चिकट होते आणि तिला वास येतो, म्हणून निथळताना घाई नको.

मुद्दाम मटकी सांगतोय, कारण पूर्वी आमच्याकडे सुट्टी म्हणजे शनिवारी पावभाजी, रविवारी बिर्याणी आणि दोन दिवसांत चार सिनेमे असा बेत असायचा. सोमवारी सगळ्यात दमलेली बायको असायची. अर्धा सिनेमा तिने ओट्याशी उभं राहून नुसता ऐकलेला असायचा. हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली, त्याचं वाईट वाटतं. आता रविवारचा स्वयंपाक मी करतो, एकच पदार्थ करतो आणि गॅस बंद होऊन सगळे बसल्याशिवाय सिनेमा लावत नाही.

उसळ आईच्या पद्धतीची. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी, त्यात बारीक चिरलेला कांदा, मग मटकी. वर ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतायचं. खाली मटकी वाफेवर शिजते, वरचं पाणी तापतं आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत घालायचं. मटकी बोटांत दबली की मगच आमसूल आणि गूळ. आंबट आधी पडलं तर ती नीट शिजत नाही. शेवटी गोडा मसाला, मीठ, ओलं खोबरं. ढवळताना हात हलका ठेवा, मोड तुटायला नकोत.

गेल्या महिन्यात या उसळीनंतर आम्ही परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पाहिला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला त्याची ही गोष्ट. तुम्ही पाहिला नसेल तर येत्या रविवारी हाच लावा. लांबी बेताची आहे, लहान मुलंही शेवटपर्यंत बसतात आणि नंदू माधव यांचे फाळके बघताना मन हलकं होतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारे. आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या सरस्वतीबाई फाळके. तेवढ्यावर त्यांचं काम संपत नसे, फिल्मला भोकं पाडायचं किचकट कामही त्या करत. एवढं कळल्यावर बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्या सिनेमाचं अर्धं श्रेय त्यांचं." मला ते मनापासून पटतं.

मुलीला मात्र वेगळीच गोष्ट भिडली. भांडवल मिळावं म्हणून फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा लावून रोज थोडंथोडं चित्रण करायचं, म्हणजे पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसतं. ते ऐकून ती उठली, चाळणीत उरलेली मोडाची मटकी घेतली आणि गॅलरीतल्या कुंडीत चार दाणे लावले. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी माझ्या मोबाइलवर एक फोटो काढते. फोटोची जागा बदलू नये म्हणून फरशीवर खडूने खूण केली आहे. आज एकविसावा फोटो काढला. दोन रोपं चांगली वीतभर झाली आहेत, आणि केर काढताना ती कुंडी आम्ही कोणी हलवत नाही.