आजोबांच्या डब्यातली ब्रिटिश नाणी

सगळ्यात आधी, नाणी घासू नका. चिंच नको, ब्रासो नको. काळपटपणा गेला की संग्राहकाच्या लेखी किंमतही गेली. फार माती असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि टिपून वाळवा, बस्स.

मग धातूनुसार वेगळी करा. शिलिंग, फ्लोरिन (दोन शिलिंगचं नाणं), हाफ क्राउन (अडीच शिलिंगचं) यांचं साल बघा: १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ निम्मी, १९४७ पासून चांदी नाहीच. हे तीन ढीग झाले की अर्धं काम झालं.

खरी मजा पेनीत आहे. १९१२, १९१८ आणि १९१९ च्या पेनी भिंगाखाली धरा. सालाच्या डावीकडे बारीक 'एच' दिसला तर ती बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची. शेवटच्या दोन सालांत 'केएन' सापडलं तर आणखी छान, ती किंग्ज नॉर्टन टाकसाळीची. झिजलेली असली तरी बाजूला ठेवा. १९३३ ची पेनी अतिशय दुर्मिळ, म्हणून मिळाली तर नाचू नका, बहुतेक नकलीच असते.

राजा सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर १९४८ पर्यंत 'इंड इंप', म्हणजे भारताचा सम्राट, असं कोरलेलं असे. १९४९ पासून ते गायब. १९४८ आणि १९४९ च्या नाण्यांची ही जोडी मी तरी विकणार नाही. आणि पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, नाण्यांवर हिरवा चिकटा धरतो.