लूणी, लोणी आणि घोळ

बडोद्यातल्या एका मराठी घरातून आलेला प्रश्न: खंडेराव मार्केटात भाजीवाली ज्या पालेभाजीला 'लूणी' म्हणते ती आपली घोळच का? शिजल्यावर बुळबुळीत होते म्हणून लोण्यावरून हे नाव पडलं का? आणि चिवळ म्हणजे हीच का?

लूणी म्हणजे घोळच. पण लोण्याशी तिचा काही संबंध नाही, आणि चिवळ ही तिची धाकटी बहीण, वेगळी वनस्पती.

आधी लोणी. हा शब्द 'नवनीत'वरून आला. 'न'चा 'ल' झाला. लूणी मात्र 'लवण'ची. गुजरातीत लूण म्हणजे मीठ. तेव्हा मराठीत लूणीची खरी भावंडं शोधायची तर ती लोणचं, लोणार, लोणारी या शब्दांत सापडतात. कच्चं पान चावून पाहा: आधी आंबट लागतं, मागून किंचित खारट. नाव त्या चवीवरून आहे. गोंधळ वाढवायला संस्कृत निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या वनस्पतिकोशांत, या भाजीचं नावच 'लोणी', 'लोणिका' असं आहे. मराठी डोळ्याला तिथे लोण्याचा गोळाच दिसतो. हिंदीत तीच 'नोनिया' झाली, म्हणजे तिथे उलट 'ल'चा 'न'. इंदूरकडे 'कुलफा' म्हणतात तो फारसी 'खुर्फा'. कुल्फीशी त्याचं नातं नाही.

'घोळ'ही जुनाच शब्द. निघंटूंत 'घोली', 'घोलिका' ही नावं आहेत. जमिनीवर घोळत पसरते म्हणून घोळ, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण घोली हे नाव समोर असताना तिची गरज नाही. झग्याचा घोळ आणि घोळ मासा हे शब्द मी यात ओढणार नाही. भाजी स्त्रीलिंगी, ती घोळ. 'घोळीची भाजी' आणि 'घोळाची भाजी' दोन्ही ऐकू येतं, दोन्ही चालावं.

आता ओळख. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात लोणी आणि बृहल्लोणी (मोठी लोणी) असा भेद केला आहे, तो चिवळ आणि घोळ यांना चपखल बसतो. घोळीचं (पोर्टुलाका ओलेरेसिया) देठ गुळगुळीत, मांसल, बहुधा लालसर. पान टोकाला रुंद, देठाकडे निमुळतं, छोट्या पळीसारखं. शेंड्याला पानांचा झुपका. फूल पिवळं, बहुधा पाच पाकळ्यांचं, ऊन चढल्यावर थोडाच वेळ उघडणारं. फळाचं टोपण डबीच्या झाकणासारखं निघतं आणि आत काळं बारीक बी. चिवळीची (पोर्टुलाका क्वाड्रिफिडा) पानं जेमतेम बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढी, समोरासमोर. पाकळ्या चार, आणि नावातला 'क्वाड्री' तोच. खात्रीची खूण देठाच्या पेरावर, जिथे पानं फुटतात: तिथे पांढऱ्या केसांचं कडं असतं, आणि पेर मातीला टेकलं की मुळं फुटतात. कुंडीतला चिनी गुलाब हाही याच कुळातला, पण तो शोभेचा.

फसगत दोन ठिकाणी होते. नायटी, गुजरातीत दूधेली: ही जमिनीसरशी पसरते, पण देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीला चीक कधीच नसतो, त्यामुळे शंका आली की देठ मोडून पाहा. चीक दिसला तर टाकून द्या. दुसरा साटोडो, म्हणजे विषखपरा. त्याची पानं गोलसर, जोडीतलं एक मोठं नि एक लहान. फूल पिवळं नसतं, पानाच्या बगलेत दडलेलं पांढरं-गुलाबी असतं. त्याचा जून पाला पोटाला मानवत नाही, जुलाब होतात.

जुडी घेताना फुलं-बोंडं आलेली नको, बी दातांखाली कचकचतं. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते, म्हणून सकाळी खुडलेली जास्त आंबट. एका जुडीला अर्धी वाटी मूगडाळ, अर्धा तास भिजवलेली, आणि चार लसूणपाकळ्या. कोवळे देठ घ्या, तीन पाण्यांत धुवा, वरून पाणी घालू नका. झाकण ठेवून फार शिजवली, सारखी ढवळली, की बुळबुळ वाढते. मीठ पाला खाली बसल्यावर, नेहमीच्या निम्मं. हिच्यात ऑक्झॅलेट बरंच असतं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी. सांडपाण्याच्या नाल्याकाठची कुणीच खुडू नये.

बाजारात शब्द जपून वापरा. गुजरातीत भाजी म्हणजे फक्त पाला, शिजवलेली ती शाक. 'लूणीनी भाजी' मागितली की हातात कच्ची जुडीच येईल. चिवळ हवी असेल तर 'झीणी लूणी' मागा, आणि पेरावरचे केस बघूनच पैसे द्या.