नाल्यातले रंगीत पाणी आणि तडजोडीचा स्टॅम्प

प्रश्न : आमचे गाव उत्तर सोलापूर तालुक्यात सीनेच्या काठी आहे. वरच्या बाजूच्या सूत रंगवणाऱ्या कारखान्याचे लाल-जांभळे पाणी रात्री नाल्यातून नदीत येते आणि बंधाऱ्यात तुंबून राहते. आठ महिने झाले. विहिरी मचूळ झाल्या, द्राक्षाच्या पानांच्या कडा करपल्या. आता कारखान्याचा माणूस आम्हा बारा जणांना प्रत्येकी वीस हजार देतो म्हणतो आणि स्टॅम्पवर ‘तक्रार नाही’ असे लिहून मागतो. पोरे म्हणतात, नाल्यात पाणी सोडणारी नळीच मातीने बुजवू. काय करावे? हरित न्यायाधिकरणात जायची सहा महिन्यांची मुदत गेली म्हणतात, ते खरे का?

उत्तर : सही करू नका आणि नळीलाही हात लावू नका. नदी बिघडवण्याची परवानगी बारा जणांच्या सहीने कुणाला मिळत नाही. पण ‘तक्रार नाही’ हे तुमच्याच सहीचे वाक्य उद्या तुमच्याच भरपाईच्या अर्जाला आडवे येईल. नळी बुजवली तर बेकायदेशीर जमाव आणि नुकसानीचा गुन्हा पोरांवर लागेल, आणि प्रदूषणाचा विषय मागे पडून पोरांचा जामीन हाच गावाचा विषय होऊन बसेल.

मुदतीबद्दल तुम्हाला अर्धेच सांगितले गेले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणारे न्यायालय. त्याच्या 2010 च्या कायद्यात कलम 14 खाली पर्यावरणाचा वाद नेण्यासाठी सहा महिने आहेत. पण भरपाई आणि नदी पूर्ववत करून मागण्यासाठी कलम 15 आहे, त्याला पाच वर्षे मिळतात. तुमचा अर्ज कलम 15 खालीच बसवा. कलम 17 प्रमाणे कारखान्याची चूक सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर नाही. त्या पाण्यामुळे नुकसान झाले, एवढे मात्र दाखवावे लागते.

खरी अडचण इथेच येते. तक्रारी महिनोन्‌महिने चालतात आणि अधिकारी येतो तेव्हा नाला कोरडा असतो. म्हणून पाणी वाहत असतानाच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला फोन करा आणि लगेच वेळ लिहून ईमेल पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या. मंडळाने कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना जल प्रदूषण कायदा, 1974 चे कलम 21 पाळलेच पाहिजे : कारखानदाराला तिथेच नोटीस, मग नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या. यातले काही राहिले, तर तो अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. तुम्ही शेजारी उभे राहून हे सगळे होते का ते पाहा आणि स्वतःच्या वहीत वेळेसह नोंदवा.

स्वतःचा नमुनाही घ्या. न्यायाधिकरण पुराव्याच्या काटेकोर नियमांना बांधलेले नाही, त्यामुळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल तिथे उपयोगी पडतो. चार जागा धरा : नाला मिळतो त्याच्या वर नदीत, नाल्याच्या तोंडाशी, बंधाऱ्यात आणि एका विहिरीत. वरचा नमुना नसेल तर ‘नदी आधीपासूनच अशी होती’ या बचावाला तुमच्याकडे उत्तर उरत नाही. नवी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि चोवीस तासांत पोहोचवा. सीओडीची (पाण्यातली घाण मोजणारी रासायनिक चाचणी) बाटली प्रयोगशाळेकडूनच आम्ल घालून आणा; ती मात्र विसळायची नाही.

तपासणीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड आणि सोडियम मुद्दाम सांगा. सूत रंगवताना मीठ भरपूर लागते आणि साध्या प्रक्रिया केंद्रातून ते निघत नाही. म्हणजे रंग काढून पाणी स्वच्छ दिसले, तरी विहीर आणि मुळे खारावतच राहतात. नुसता पीएच (आम्लता) आणि बीओडी (सेंद्रिय घाणीची चाचणी) तपासलात तर अहवाल चांगला येऊ शकतो आणि तोच तुमच्यावर उलटतो.

कारखान्याला कोणत्या अटींवर संमती मिळाली, हे मंडळाच्या नोंदवहीत असते. त्या पाण्याची झळ बसणाऱ्याला ती पाहण्याचा हक्क जल प्रदूषण कायद्याचे कलम 25 (6) देते. नकार मिळालाच तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. सांडपाणी बाहेर सोडायचेच नाही अशी अट असेल, तर नाल्यातली नळी हाच अटभंग. मग त्याच कायद्याच्या कलम 33-अ खाली कारखान्याचे काम बंद ठेवण्याचा आणि वीज-पाणी तोडण्याचा आदेश मंडळाकडे मागा.

तलाठ्याकडून विहिरींचा आणि कृषी सहायकाकडून बागांचा पंचनामा गट नंबरनिहाय करून घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडा. ग्रामपंचायत स्वतःही अर्जदार होऊ शकते. अर्ज न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय पीठाकडे जातो. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान एक हजार रुपये. सहा लाख मागितलेत तर सहा हजार.

त्या विहिरींचे पाणी पिण्यासाठी आजच थांबवा आणि टँकरची लेखी मागणी तहसीलदारांकडे करा.

आणि हे सगळे पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले जाण्यापूर्वी उरका. एकदा पूर आला की आठ महिन्यांचा साठा भीमेत जातो आणि तुमच्या हातात फोटोच राहतात.