फ्रॉकआधी अभ्रा शिवा

ताई, लेकीसाठी फ्रॉक शिवायची हौस झकास, पण पहिल्याच फटक्यात फ्रॉक नको. आधी जुन्या सुती साडीचा उशीचा अभ्रा शिवा, सरळ टीप हाताला बसू दे. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजारात नवं कापड बघून हात सैल सुटतो, माझाही सुटायचा!

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नवं सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापा. मी तसंच कापलं होतं. पहिल्याच धुण्यात झबलं बाहुलीच्या मापाचं झालं.
- कडेला अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडा.
- मध्यम सुतीला १४ नंबरची सुई. टाके सुटायला लागले की आधी सुई बदला, मशीनला शिव्या नंतर.
- तेल मशीनचंच. खोबरेल घट्ट होऊन मशीन जड चालतं.

चेन, काजं, कॉलर दिवाळीनंतर बघू.